कोल्हापुरात खायला येणाऱ्या पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचं घर मंगळवार पेठेत. पुण्या-मुंबईचे मित्र, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे ऑफिसातले सहकारी, सगळे कोल्हापूरला निघाले की आधी मला फोन करतात. प्रश्न तेच, उत्तरंही तीच. यंदा दिवाळीनंतर एकाच आठवड्यात चौघांना मिसळीवर प्रवचन दिल्यावर ठरवलं की एकदा लिहूनच ठेवू. ज्याला हवं त्याला पाठवता येईल.

एकच दिवस आहे. काय काय खाऊन होईल?

तीन गोष्टी. सकाळी मिसळ, दुपारी मटणाची थाळी, संध्याकाळी भेळ किंवा दूध. मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला बसलात तर सकाळी बरोबर मिसळीच्या वेळेला उतरता. आंघोळ करा, अंबाबाईचं दर्शन घ्या, मग मिसळ. त्यानंतर दुपारी दीडपर्यंत तोंडात काही टाकू नका, चहासुद्धा नको. थाळीनंतर दोन तास झोप लागते. ती धरूनच बेत आखा, नाहीतर रंकाळा तलावावर जांभया देत फिराल.

एका दिवसात पाच मिसळी चाखून त्यांना गुण देणारे लोक हल्ली दिसतात. करा बापडे. पण तिसऱ्या मिसळीनंतर जिभेला फक्त तेल कळतं, आणि मग उगाच चौथ्या नि पाचव्या दुकानावर अन्याय होतो.

मिसळ कुठली खायची?

यावर आमच्या घरात तीन मतं आहेत आणि घरात माणसं पाच आहेत. उद्यमनगरात फडतरे, महाद्वार रोडला चोरगे, खासबागेची मिसळ, कसबा बावड्याची बावडा मिसळ, ही नावं तुम्हाला कुणीही सांगेल. यातल्या कुठंही गेलात तरी फसणार नाही. माझं विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याला मी उद्यमनगरात पाठवतो, कारण मिसळ कुणासाठी झाली ते तिथं दिसतं. हा भाग लेथ आणि फौंड्रीवाल्यांचा. सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला स्वस्तात, पटकन आणि दुपारपर्यंत पोटाला आधार देईल असं काहीतरी हवं असायचं. टेबलावर शेजारी अनोळखी माणूस बसला तर बिचकू नका, सरकून जागा द्या.

प्लेट भरताना जरा बघत उभे राहा. तळाला मटकी. तिच्यावर कुठं बटाट्याची भाजी, कुठं पोहे-चिवडा. मग शेव-फरसाण, बारीक कांदा, कोथिंबीर. मग पातेल्यातला रस्सा. आणि शेवटी पळी तिरकी धरून वरचा लाल तवंग तेवढाच अलगद उचलून त्यावर सोडायचा. तो तवंग म्हणजे कट. पळी सरळ बुडवणारा माणूस नवखा समजावा.

दुपारी बारानंतर जाऊन "मिसळ संपली?" असं दुखावलेल्या आवाजात विचारू नका. संपतेच.

पाव मागितला तर ब्रेडच्या स्लाइस आणून दिल्या. चूक झाली का?

नाही, तोच पाव. इथं मिसळीबरोबर जाड, मऊ स्लाइस येतात, लादीपाव नव्हे. स्लाइस कट जास्त पिते, एवढं एक कारण मला पुरतं. वड्याबरोबरही बऱ्याच ठिकाणी हीच स्लाइस मिळते.

सॅम्पल मिळतं का?

सॅम्पल, म्हणजे मिसळीवर वरून मागायचा रस्सा, पुण्यात. इथं "जरा कट वाढा" म्हणायचं, तर्रीही म्हणायचं नाही. बहुतेक ठिकाणी कटाचे वेगळे पैसे लागत नाहीत. वाढपी किटली किंवा बादली घेऊन फिरत असतो, त्याच्याकडं नुसतं बघितलं तरी तो येतो. जादा ब्रेडचे मात्र पैसे पडतात, आणि दुसरी प्लेट म्हणजे दुसरी प्लेटच. दोघांत एक मिसळ घेऊन चारदा कट मागणारी जोडपी मी पाहिली आहेत. वाढपी काही बोलत नाही, पण पाचव्यांदा त्याला तुमची हाक ऐकू येत नाही.

फार तिखट असतं का हो?

तुमच्या मनात आहे तेवढं नसतं. लाल रंग बघून माणसं घाबरतात, पण रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा असतो आणि ब्याडगीला रंगाच्या मानानं तिखटपणा कमी. चव आणि ठसका संकेश्वरीचा. उन्हाळ्यात घरोघर वर्षाची चटणी होते तेव्हा या मिरच्यांचं प्रमाण ठरवण्यावरून सासू-सुनांत जे बोलणं होतं ते ऐकण्यासारखं असतं. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, ताटात डावीकडं वाढायची ती नव्हे. मिरच्या, भाजलेलं खोबरं, धने, तीळ, गरम मसाला, लसूण, कोथिंबीर, तळलेला कांदा, सगळं डंकात, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, कुटून आणायचं. एप्रिल-मे महिन्यात डंकाच्या गल्लीतून जाताना रुमाल जवळ ठेवा.

तोंड भाजलंच तर पाणी पिऊ नका. तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही, त्यामुळं पाण्यानं तो तोंडभर पसरतो. दही मागा, दूध मागा, नाहीतर कोरडा ब्रेड चावा.

तांबडा आणि पांढरा रस्सा यांत फरक काय? आधी कुठला प्यायचा?

दोन्ही एकाच पातेल्यातून निघतात, हे आधी लक्षात घ्या. मटण आलं, लसूण आणि मीठ घालून भरपूर पाण्यात शिजवतात. ते पाणी म्हणजे अळणी. लहान मुलांना आणि आजारी माणसांना नुसतं अळणी देतात, आणि माझ्या मते तीच खरी कसोटी. अळणी पातळ असेल तर पुढं कितीही मसाला घाला, काही उपयोग नाही.

अळणीचे दोन वाटे होतात. एका वाट्यात भाजलेलं खोबरं, कांदा आणि घरची चटणी पडते, तो तांबडा. दुसऱ्या वाट्याला खडा मसाला फोडणीला घालून नारळाचं दूध आणि तीळ, खसखस, काजूचं वाटण लावतात, तो पांढरा. यात लाल चटणी अजिबात नाही, आणि हळद पडली तर पांढरा पिवळा दिसतो म्हणून हळदीलाही हात आखडता. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, रस्सा फुटतो. आई त्या वेळी गॅसपुढून हलत नाही आणि कुणी काही विचारलं तर हातानंच गप्प बसवते. उरलेले मटणाचे तुकडे मसाल्यात परतले की सुक्कं. एका शिजवणीतून तीन पदार्थ.

आधी पांढरा, वाटीनं, गरम असताना, भाकरी न मोडता. मग सुक्कं आणि तांबडा भाकरीबरोबर. शेवटी भातावर पुन्हा पांढरा, त्यात दोन चमचे तांबडा मिसळून. हे माझं. माझा भाऊ भातावर फक्त तांबडा घेतो आणि आम्ही तरीही एका घरात राहतो.

हॉटेलात पांढरा चमच्याला गोंदासारखा चिकटला तर त्यात कॉर्नफ्लॉवर आहे असं समजा. चांगला पांढरा वाटी रिकामी झाल्यावर तळाशी किंचित रवाळ राहतो.

थाळीत नेमकं अनलिमिटेड काय असतं?

रस्सा. दोन्ही रस्से हवे तेवढे. मटण, खिमा, अंडं ठरलेलं. भाकरी, चपाती आणि भात यांचा नियम जागोजागी वेगळा, म्हणून बसतानाच विचारा, "काय काय वाढीव मिळतं?" असं विचारण्यात काही कमीपणा नाही. ताट पुढं आल्यावर विचारलं की मात्र वाढपी आणि तुम्ही दोघंही अवघडता. "स्पेशल थाळी" लिहिलेली असेल तर साध्या थाळीपेक्षा त्यात जास्त काय, तेही विचारा. कधी खिमा वाढतो, कधी नुसता पापड.

पार्सलला हा नियम लागू नाही. पार्सलमध्ये रस्सा मोजून मिळतो.

दोन वर्षांपूर्वी पुण्याचा मित्र कुटुंबासह आला होता. त्याची आठ वर्षांची पोरगी मटण खात नाही, पण पांढऱ्याची वाटी तिनं तोंडाला लावली आणि खाली ठेवलीच नाही. दुसरी, तिसरी, चौथी. मित्र ओशाळला, तिला डोळे दाखवायला लागला. वाढपी म्हातारा होता. तो पातेली घेऊन टेबलाच्या कडेलाच उभा राहिला आणि म्हणाला, "पोरीला पिऊ दे की सायेब, मी हितंच थांबतो." त्या दिवशी तिनं सहा वाट्या प्यायल्या. बिल तीन थाळ्यांचं आलं, तिच्या वाट्या त्यात नव्हत्याच. मित्र काउंटरवर भांडून तिचे पैसे देऊ पाहत होता आणि मालक घेत नव्हते.

ॲपवर पन्नास टक्के सूट दिसतेय. घ्यावी का?

आधी "पर्यंत" हा शब्द शोधा. पन्नास टक्के, शंभर रुपयांपर्यंत, म्हणजे बिल दोन हजार झालं तर पाचच टक्के. मग बाकीच्या अटी वाचा. किमान बिल किती, शनिवार-रविवार चालतं का, पैसे ॲपवरूनच भरायचे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, थाळीवर चालतं का. बहुतेक वेळा चालत नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, गाढवपणा करून सांगतोय. हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही चौघं अशी सूट बघून गेलो. थाळी सवलतीत नाही म्हटल्यावर हट्टानं मेन्यूतली एकेक डिश मागवली. पनीर, तंदुरी, दोन ग्रेव्ह्या, रोट्या. पांढरा रस्सा वेगळा, वाटीचे पैसे वेगळे, दुसऱ्या वाटीचे पुन्हा वेगळे. सूट वजा करूनही बिल चार थाळ्यांपेक्षा जास्त झालं. घरी आल्यावर बायकोनं आकडेमोड करून कागद फ्रिजवर लावला. अजून आहे.

शहरातल्या जुन्या खाणावळी आणि मिसळवाले या भानगडीत फारसे पडत नाहीत. तिथली सूट वाढप्याच्या हातात असते. मोठ्या हॉटेलात पार्टी असेल, केक-बिक कापायचा असेल, तर ॲप जरूर बघा. दहा-बारा माणसं असतील तर त्याहून सोपा उपाय म्हणजे आदल्या दिवशी मालकांना फोन करायचा. "बारा जण आहोत, काय करता बोला." काहीतरी करतातच.

महिनाभर राहायचंय. रोज हॉटेल परवडणार नाही.

मग मेस लावा. शिवाजी विद्यापीठामुळं आणि क्लासेसमुळं राजारामपुरी आणि आसपासच्या भागात मेसची कमी नाही. महिन्याचं कार्ड किंवा कुपनांचं पुस्तक मिळतं. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. खाडा धरतात का, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तर ती ताटं पुढं मिळतात का, आणि त्यासाठी किती आधी सांगायचं. फीस्ट आठवड्यातून कधी आणि त्यात काय. पाहुणा आला तर तुमचं कुपन त्याला चालतं का. भाजी कशी असते हे विचारू नका, एक दिवस पैसे देऊन जेवा आणि आमटी बघा. आमटी बरी असेल तर बाकीचं सुसह्य असतं.

बिलावर सर्व्हिस चार्ज लावलाय. द्यायलाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. शांतपणे "हा काढा" म्हणा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. कोल्हापुरात हा प्रसंग क्वचित येतो, मोठ्या जागीच.

जीएसटी ही वेगळी गोष्ट, तो कर आहे. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. पण जे हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत, आहे त्याला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. बिलावर जीएसटी लावलाय आणि जीएसटी नंबरच छापलेला नाही, असं दिसलं तर विचारा.

टीप म्हणून जे द्यायचं ते वाढप्याच्या हातात द्या, बडीशेपेच्या ताटलीत नको.

आम्ही शाकाहारी आहोत. येऊन उपयोग आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यांना कुणीतरी खोटं सांगितलेलं असतं. मिसळ शाकाहारी आहे. कट वडा शाकाहारी आहे. पन्हाळ्याच्या वाटेवर आणि गडावर झुणका-भाकरी मिळते, बरोबर कांदा, दही आणि खरडा. ठेच्याला इथं खरडा म्हणतात. तव्यावर हिरवी मिरची आणि लसूण भाजून तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडतात, वरून शेंगदाण्याचं कूट. पन्हाळा वीसेक किलोमीटर. पावसाळ्यात धुकं असताना जा आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात पडेल अशा ठिकाणी बसा, म्हणजे चुलीच्या जवळ.

पुण्याहून गाडीनं येत असाल तर हायवेच्या ढाब्यांवर अख्खा मसूर खा. सांगली-इस्लामपूरकडचा पदार्थ. मसूर न भरडता अख्खा शिजवलेला, बरोबर तंदुरी रोटी. दोघांत एक पुरतो.

मटणाच्या हॉटेलात शाकाहारी माणसाला घेऊन जाऊ नका. "व्हेज थाळी पण आहे" असं पाटीवर असतं, पण ती थाळी कुणीही मनापासून केलेली नसते.

व्हेज कोल्हापुरी कुठं चांगली मिळते?

पुण्यात. मुंबईत. दुबईतसुद्धा मिळत असेल. लाल ग्रेव्हीत फ्लॉवर, गाजर, मटार आणि वर सुकी मिरची, ही भाजी मी कुणाच्या घरी खाल्लेली नाही. इथल्या हॉटेलांतही ती असते, पाहुणे मागतात म्हणून.

मटण कुठल्या वारी मिळतं? श्रावणात आलो तर?

हॉटेलांत रोज मिळतं. घरांमध्ये सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे पुष्कळ, त्यामुळं बुधवारी आणि रविवारी हॉटेलांत आणि दुकानांत गर्दी. श्रावणात गर्दी ओसरते आणि जागा सहज मिळते, हे गुपित आहे, फार सांगू नका. गटारीला मात्र येऊच नका, टेबल मिळणार नाही.

या गावात मटण हा किती गंभीर विषय आहे हे सांगायला एकच गोष्ट पुरे. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर वाढला तेव्हा इथं रीतसर आंदोलन झालं. पेठापेठांत बैठका झाल्या. माणसं ऊसदरासाठी जशी रस्त्यावर येतात तशी आली.

दूध कट्टा काय प्रकार आहे?

गंगावेशीत म्हशी घेऊन गवळी येतात आणि तुमच्यासमोर धार काढून पेला हातात देतात. धारोष्ण, फेसाळ, कोमट. तालमीतल्या पैलवानांचं गाव, त्यांच्या खुराकातनं ही सवय पडली. पेला हातात घेतल्यावर पहिल्यांदा फेसच ओठाला लागतो, मग दूध. काहींना म्हशीचा वास नको वाटतो, त्यांनी लांबून बघावं.

हे दूध न तापवलेलं असतं हे लक्षात घ्या. लहान मुलं, गरोदर बायका आणि नाजूक पोटाची माणसं यांनी हट्ट करू नये. आणि दूध नि भेळ एकाच संध्याकाळी नको. एका साडूनं केलं होतं, परतीच्या बसनं तीन जादा थांबे घेतले.

भेळ कुठं?

खासबाग मैदानाजवळ राजाभाऊंची भेळ. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्त्यांचं मैदान शेजारीच आहे, आधी ते बघा. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. आम्ही पेठेतली माणसं रस्त्यावर उभं राहून बघत होतो. नाटकाच्या मध्यंतरात भेळ खाऊन तिसऱ्या घंटेला धावत आत जाणं ही आमच्या तीन पिढ्यांची सवय.

ओली भेळ तिथंच संपवा. सुकी बांधून घ्या.

कॉकटेल आइस्क्रीममध्ये दारू असते का?

नसते हो. दूध, आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली, सुका मेवा, सगळं उंच ग्लासात. सोळंकींचं नाव जुनं आहे. लहान मुलांना एक ग्लास दोघांत पुरतो, पण ते मान्य करणार नाहीत.

लोणी डोसा इथला आहे का?

दावणगिरीचा, म्हणजे कर्नाटकातला. पण इथल्या गाड्यांवर इतका रुळलाय की आता पाहुणा म्हणवत नाही. वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, बरोबर बटाट्याची भाजी आणि खोबऱ्याची पातळ चटणी. सकाळी मिसळ चुकली तर हा.

चहा कुठं चांगला?

कुठंही. पण भाऊसिंगजी रोडवरून जाताना चहा प्यायचाच असेल तर गंगाराम कांबळेंची आठवण काढा. ते राजवाड्याच्या नोकरीत होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना सवर्णांनी मारलं. हे कळल्यावर शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली, आणि गंगाराम यांनी या रस्त्यावर "सत्यसुधारक" नावाचं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातलं कुणी येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागवायचे, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारायची कुणाची छाती नव्हती. महाराज गेल्यावर त्यांचं स्मारक करण्यासाठी पुढं आलेल्यांत हेच गंगाराम होते. कोल्हापूरच्या खाण्यावर लिहिणारे तांबड्या-पांढऱ्यावर पानंच्या पानं लिहितात. या चहाबद्दल एक ओळ लिहीत नाहीत.

घरी काय न्यावं?

चटणी, अर्धा किलो, डंकावरून ताजी मिळाली तर उत्तम. गूळ आणि काकवी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि शाहूपुरी ही वसाहतच १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसली. फार पिवळाधमक गूळ घेऊ नका, गडद तांबूस घ्या. भडंग घ्या, प्रवासात संपेल म्हणून दुप्पट. नरसोबाच्या वाडीला जाणार असाल तर तिथली बासुंदी आणि कवठाची बर्फी. बर्फी आंबटगोड असते, पहिल्या घासाला विचित्र लागते, तिसऱ्याला डबा कुणी संपवला यावर भांडण होतं.

कधी यावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. गुऱ्हाळं चालू असतात, उसाचा रस काहिलीत आटताना बघायला मिळतो, आणि गरम गूळ पानावर घेऊन खाता येतो. नवरात्रात अंबाबाईला रांग मोठी आणि निम्मं गाव उपवासाला, खायला म्हणून येणाऱ्यांनी टाळावं. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेच्या पाण्याची पातळी बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हायवेच बंद झाला होता. तेव्हा आमच्याकडं अडकलेल्या पाहुण्यांनी तीन दिवस पिठलं खाल्लं.

तुम्ही स्वतः कुठं जेवता?

रविवारी घरी. वडील सकाळी सातला कापडी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानासमोर रांगेत असतात आणि मांडीचा तुकडा कुठून काढायचा हे खाटकाला बोटानं दाखवतात. गेली चाळीस वर्षं तोच खाटीक, आता त्याचा मुलगा. साडेअकराला अळणीची वाटी सगळ्यांना एकेक, उभ्या उभ्याच, स्वयंपाकघराच्या दारात. तुम्ही रविवारी येणार असाल तर शनिवारी रात्रीच फोन करा, वडिलांना अर्धा किलो वाढवून आणायला सांगतो.